घर तुमचंच समजा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहायला बसण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. मराठी शाळेत मी सहावीपर्यंत होतो, इचलकरंजीत. पुढचं शिक्षण इथे कॅनडात इंग्रजीत झालं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवावं, कुठे चुकलं ते कुणाला विचारावं, हेही घरात कुणाला ठाऊक नाही. हे मी आधी कॉलेजच्या एका वर्गासाठी इंग्रजीत लिहिलं होतं. मार्क बरे पडले. पण आईला ते मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं तेव्हा ती ऐकून म्हणाली, "छान आहे. कुणाचं आहे हे?" म्हणून पुन्हा लिहितोय, तिला वाचता येईल अशा भाषेत. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही टोरांटोजवळ ब्रॅम्पटनला बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. खिडक्या छताला चिकटून, त्याही हिवाळ्यात बर्फाखाली. बाबा एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. आई एका दुकानाच्या किचनमध्ये समोसे भरायची. वरच्या मजल्यावर मालक, त्यांची मुलं, त्यांचे पाहुणे. आई म्हणायची, "डोक्यावर लोक नाचणार आणि आपण फोडणी द्यायची तीसुद्धा भीत भीत." तिला बाकी काही नको होतं. एक दार हवं होतं, रस्त्यावर उघडणारं, आणि ते तिने उघडायचं. कुणी आलं तर "या, बसा" असं तिने म्हणायचं. आमच्याकडे एवढ्या वर्षांत कुणी आलंच नाही असं नाही, पण बेसमेंटला बाजूच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारून यावं लागायचं. त्याची तिला लाज वाटायची.

मला हॅमिल्टनला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी ठरवलं, की मुलाला एकट्याला पाठवायचं नाही, सगळ्यांनीच जायचं. वेअरहाऊसमधले लोक हसले. "अख्खी दुनिया ब्रॅम्पटनला येते, आणि तू निघालास कुठे?" बाबा म्हणाले, "घर घ्यायला."

ते घर हॅमिल्टनच्या वरच्या अंगाला, ज्याला इथे सगळे माउंटन म्हणतात, तिथल्या एका शांत वस्तीत होतं. एकमेकांना भिंती लावून उभी असलेली विटांची जुनी घरं. आपल्याकडे रो-हाऊस म्हणतात तशी, पण बुटकी आणि फार निगुतीने ठेवलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडहून आलेले लोक तिथे राहिले, आणि त्यातले बरेच अजून तिथेच आहेत. एक छोटं दुकान आहे, तिथे त्यांचं चीज, टोस्ट आणि खारट काळ्या गोळ्या मिळतात. माझ्या धाकट्या बहिणीने ती गोळी तोंडात घातली आणि तिथेच रुमालात काढली. आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते खिडक्यांचं. मोठ्या, लख्ख पुसलेल्या, आणि पडदे एकजात उघडे. रस्त्यावरून चालताना पुढच्या खोलीतून आरपार मागची बाग दिसायची.

"यांना झाकायला काहीच नाही का?" बाबांनी आमच्या एजंटला विचारलं. एजंट ब्रॅम्पटनचे सरदारजी.

ते म्हणाले, "भाईसाहब, डच लोग हैं. जो दिखता है वही है, जो बोलते हैं वही है."

हे वाक्य तेव्हा आम्ही हसून सोडून दिलं.

घर बघायला लोक येतात तेव्हा मालकाने बाहेर जायचं असा इथला रिवाज आहे. पण हे मालक पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. उंच, वाकलेले, हात लांबलचक आणि जाड. स्टीलच्या कारखान्यात जन्म गेलेला. ते उठले, आम्हा चौघांशी, बहिणीशीसुद्धा, हात मिळवला आणि पुन्हा बसले. आई पहिल्या दिवसापासून त्यांना आजोबाच म्हणाली, म्हणून मीही तेच लिहितो.

"तुम्ही राहणार, की भाड्याने देणार?" त्यांनी सरळ विचारलं.

"राहणार," बाबा म्हणाले.

"तुझ्या आईचं स्वयंपाकघराबद्दल काय मत आहे?" हे मला.

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग, जुनं आहे, पण घासलेलं आहे. बाई चांगली असणार."

मी सांगितलं तसं ते हसले आणि मग बायकोबद्दल सांगू लागले. बाई चांगली होती. ती आता जवळच्याच एका वृद्धाश्रमात होती, कारण तिची आठवण जात चालली होती, आणि एकदा गॅस चालू ठेवून ती बाहेर पडली होती. ते त्याच आश्रमाजवळ एका खोलीत राहायला जाणार होते. त्या घराला दुसरंही गिऱ्हाईक होतं, खोल्या पाडून विद्यार्थ्यांना भाड्याने देणारं. आजोबांनी घर आम्हाला दिलं.

पुढच्या खोलीतलं सामान त्यांनी मागेच ठेवलं. न्यायला जागा नव्हती. खिडकीपाशी दोन खुर्च्या, खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्या, आणि एक टेबल, त्यावर गालिच्यासारखं जाड, नक्षीचं कापड अंथरलेलं. आई म्हणाली, "टेबलावर सतरंजी?" पण तिने हात फिरवून पाहिला आणि ते तसंच राहू दिलं.

किल्ल्या द्यायला ते स्वतः आले. बाबांनी किल्ल्या दोन्ही हातांत घेतल्या. त्यांना इंग्रजी येतं, पण अशा वेळी येत नाही. ते मला म्हणाले, "सांग त्यांना, हे घर तुमचंच समजा. कधीही या." मी सांगितलं.

आजोबांनी बाबांकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच म्हणजे काय! तुमचंच घर आहे."

"माझ्या बायकोला घेऊन येऊ? रविवारी, चर्च झाल्यावर?"

"या की!" बाबा म्हणाले.

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आमच्याकडे घर विकणाऱ्याला, गाडी विकणाऱ्याला, निरोप घेणाऱ्या कुणालाही असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं मन खोटं नसतं. पण ऐकणाऱ्यानेही "हो हो, येऊ की" म्हणून निघून जायचं असतं. आजोबांनी खिशातून छोटी डायरी काढली, काहीतरी टिपलं आणि गेले.

आम्ही दूध उतू घालवून राहायला आलो. पहिल्याच रविवारी आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, अंगावर गाऊन, हाताला पीठ. पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. बाबा अंघोळीला गेलेले, मी आणि बहीण जिन्यावर. दार उघडलं आणि एक बारीकशी, पांढऱ्या केसांची म्हातारी बाई आत आली, कोट काढून सवयीने दाराजवळच्या खुंटीवर अडकवला आणि सरळ पुढे चालत गेली. तिच्या पर्समध्ये अजून तिची किल्ली होती. मागून आजोबा, हातात टोपी.

बाई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आईकडे बघून हसली. फार प्रेमाने म्हणाली, "अगं, तू अजून इथेच? रविवारी काम करायचं नाही. घरी जा, गो होम."

आईला 'गो होम' तेवढं कळलं.

तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. या देशात ते दोन शब्द कुणी कसे म्हणतं ते ज्याने ऐकलंय त्याला कळेल. तेही तिच्या स्वतःच्या घरात, घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. आजोबा लालबुंद झाले. त्यांनी बायकोला खिडकीपाशी बसवलं आणि आत येऊन खाली बघत मला म्हणाले, "मी आधी सांगायला हवं होतं. तुझ्या आईला सांग, आम्ही लगेच जातो. पण हेही सांग, की आश्रमात ती मला 'सर' म्हणते. रोज विचारते, सर, तुम्हाला कुणाला भेटायचंय? आत्ता दाराशी तिने माझी कॉलर नीट केली आणि मला नावाने हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा."

मी आईला सांगितलं. ती पोळीकडे बघत उभी राहिली, ती करपेपर्यंत. मग तिने गॅस बंद केला.

"बसू दे त्यांना. चहा टाकते."

"कॉफी, आई. ते कॉफी घेतात."

"कॉफी तर कॉफी."

आईने बशीभर शंकरपाळे आणि चकल्या नेऊन ठेवल्या. आजींनी प्रत्येकाला एकेक शंकरपाळा दिला, स्वतः एक घेतला आणि उठून बशी कपाटात ठेवून दिली. कपाट बरोबर तेच, जिथे त्या आयुष्यभर बिस्किटांचा डबा ठेवत आल्या होत्या. कॉफीबरोबर एकच द्यायचं अशी त्यांची रीत. आईचे डोळे मोठे झाले. ते दोघं गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "माझ्या घरात मला एक शंकरपाळा! तोही वाढून!"

"अगं, म्हातारं माणूस आहे."

"बोलावलं कुणी? जीभ तुमची आणि गाऊनवर मी!"

बाबांनी कुलूप बदलायचं म्हणून नवीन आणलं. ते अजून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे.

पुढच्या रविवारी आईने काय केलं, तर सकाळीच सगळा स्वयंपाक उरकला, लग्नातली हिरवी साडी नेसली, केस बांधले, आणि चर्च सुटायच्या वेळेला खिडकीपाशी दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली. किल्ली फिरली. आजी आत आल्या, तिला पाहून थबकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पाहुणे आलेत, आणि तू मला सांगितलं नाहीस!" मग त्या आईला कॉफी करून द्यायला निघाल्या. आजोबा मागोमाग. मी आत दोघांना भांडी हाताशी देत होतो.

तेव्हापासून प्रत्येक रविवारी आई स्वतःच्या घरात पाहुणी असायची. दर वेळी वेगळी साडी. बाबा चिडवायचे, "आमच्या मंडळींना आज कुठे बोलावणं?" आई म्हणायची, "गप्प बसा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये काढली, आता स्वतःच्या घरात पाव्हणी म्हणून काढते." पण साडी मात्र ती आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवायची. आजी तिच्याशी डचमध्ये बोलायच्या, मध्येच इंग्रजी. आई मराठीत बोलायची. दोघी आपापलं सांगत राहायच्या आणि बरोबर जागी "हं" म्हणायच्या. बहीण म्हणाली, "दे आर लाइक टू रेडिओज." आईने तिला डोळे दाखवले.

आजोबांचं काय चालायचं ते मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. आजी त्यांना तिथे एकसारख्या बोलायच्या. केस वाढलेत, कापून ये. मोजा उलटा घातलायस. स्वयंपाकघराचा नळ गळतोय, कधीचं सांगतेय. तो नळ त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच बदललेला. पण ते निमूट उठायचे, सिंकखाली गुडघ्यावर बसायचे, आणि पाना घेऊन नळाच्या पाइपावर हळूच टकटक करत राहायचे. एकदा मी टॉर्च धरायला वाकलो, तर ते रडत नव्हते, हसत होते. म्हणाले, "साठ वर्षं मला हे आवडत नव्हतं."

त्यांना एवढंच हवं होतं. ही एक खोली, ती आहे तशी, तिला ओळखू येते तोवर. त्यांनी मागितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ते कळलेलं होतं. म्हणून पुढची खोली आम्ही बदलली नाही. खुर्च्या तिथेच, कुंड्यांना पाणी मी घालायचो, पडदा आईने शिवून ठेवलेला पण लावला नाही. खरं तर पूर्वेचा कोपरा तिला देवघरासाठी हवा होता. "देव बेसमेंटमधून वर आले, ते थेट कपाटात," ती म्हणायची. देव वरच्या खोलीत कपड्यांच्या कपाटात होते. शेजारच्या घरात, आमच्या सामाईक भिंतीपलीकडे, एक निवृत्त बाई एकट्या राहतात, त्याही डच. त्या तोंडावर बोलणाऱ्या. मला एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या फोडण्यांचा वास माझ्याकडे येतो. वाईट नाही, पण येतो. आणि तुझी आई भली बाई आहे. मी त्यांना दर रविवारी असं येऊ दिलं नसतं."

दिवाळी झाली. वास्तुशांत राहिली होती, आणि ती केल्याशिवाय घर घरच नाही असं आईचं म्हणणं. गुरुजी टोरांटोचे. आठवडाभर ते कॉम्प्युटरवर नोकरी करतात, त्यामुळे मुहूर्त रविवारचाच. ब्रॅम्पटनच्या लोकांनाही सुट्टी रविवारचीच. गुरुजींनी फोनवर व्हिडिओ मागवून घर बघितलं आणि म्हणाले, होम पुढच्याच खोलीत होईल, बाकी जागा नाही.

आई म्हणाली, "आजोबांना कळवायला हवं. या रविवारी नको म्हणावं."

बाबा ताडकन म्हणाले, "वास्तुशांतीला येऊ नका म्हणायचं? ज्याने वास्तू दिली त्याला? पहिला मान त्यांचा."

  दारात येणाऱ्याला नको म्हणणं आम्हाला जमत नाही, आणि शुभकार्याच्या दिवशी तर मुळीच नाही. बाबांनी फोन करून त्यांना जेवायलाच बोलावलं. पलीकडून आजोबांनी विचारलं, "खूप लोक असतील का?"

"थोडेच," बाबा म्हणाले.

थोडे म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. वेअरहाऊसची अर्धी शिफ्ट, आईच्या किचनमधल्या बायका, त्यांची मुलं. दाराशी बुटांचा ढीग. उंबऱ्यावर हळदकुंकू, बाहेर पायरीवर रांगोळी, दारावर तोरण. खुर्च्या, टेबल, ते जाड कापड, सगळं आदल्या दिवशी या घराखालच्या बेसमेंटमध्ये गेलं. कुंड्यांच्या जागी कलश आणि फुलं. होमासाठी मोठा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, त्यात विटा. स्मोक अलार्मला बाबांनी प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, तरी गुरुजी प्रत्येक आहुतीला वर बघत होते. आई बाबांच्या शेजारी पाटावर बसली होती. हाताला हात लावून. धुराने डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता हे तिचं घर झालं.

तेवढ्यात ते आले. दार सताड उघडं होतं, त्यामुळे किल्ली आजींच्या हातातच राहिली. खुंट्यांवर लोकांचे कोट, त्यांच्या कोटाला जागा नव्हती. बाबा सोवळ्यातच उठले, आजोबांचा हात धरून त्यांना आत आणलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाय लावलेले, शाल पांघरलेले आजोबा नारळ कसा धरावा ते न कळून दोन्ही हातांनी धरून उभे. आणि ते टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नाही, बायकोकडे बघत होते.

आजी उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर थांबल्या होत्या. त्यांनी धुराकडे पाहिलं, खाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खिडकीकडे त्या बराच वेळ बघत होत्या. आई पाटावरून उठली, तिने त्यांचा हात हातात घेतला. आजी तिच्याकडे बघून हसल्या, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं. मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, कुणाला वाईट वाटू नये अशा आवाजात, "सर, ही मंडळी फार चांगली आहेत. पण मला वाटतं आपण चुकीच्या पत्त्यावर आलो. माझे मिस्टर घरी कॉफीसाठी थांबले असतील."

आजोबा म्हणाले, "हो. चला, मी तुम्हाला सोडतो."

शाल अंगावर तशीच घेऊन ते तिला पायऱ्या उतरवत गेले. आईने प्रसादाचा शिरा डब्यात भरून माझ्या हाती दिला. मी गाडीपर्यंत पळत गेलो. त्यांनी डबा घेतला, "थँक यू" म्हणाले, आणि "तुझ्या वडिलांना सांग, समारंभ सुंदर होता." ते खरंच तसं म्हणाले. डच माणूस उगाच म्हणत नाही.

पाहुणे जाईपर्यंत आई हसत होती, वाढत होती. शेवटची गाडी वळल्याबरोबर तिने पदर खोचला आणि बेसमेंटचं दार उघडलं. "चला, टेबल वर घ्या."  आम्ही सगळं होतं तसं लावलं. टेबलाच्या पायांच्या खुणा जमिनीवर होत्या, त्यावर बरोबर पाय. धुराचा वास जावा म्हणून आईने खिडक्या उघड्या टाकल्या. बाहेर थंडी होती. आम्ही घरात कोट घालून बसलो.

पुढच्या रविवारी ते आले. दाराची घंटा वाजवून. आजी खुर्चीच्या कडेला बसल्या. कोट काढला नाही, पर्स मांडीवर घट्ट. कॉफी या वेळी आईनेच केली. आजोबांनी नळाचा विषय काढून पाहिला. "तो नळ पुन्हा गळतोय वाटतं." आजी सौजन्याने म्हणाल्या, "यांनी प्लंबरला बोलवावं." आजोबांनी खिडकीतल्या कुंड्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "छान ठेवल्यात." आईच्या साडीचा रंग त्यांना आवडला, काठाला त्यांनी बोट लावून पाहिलं. निघताना दाराशी वळून त्या आईला म्हणाल्या, "तुमचं घर फार सुंदर आहे."

मी आईला ते मराठीत सांगितलं. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ती बेसमेंटमध्ये इतकी वर्षं थांबली होती. ती खाली बघून म्हणाली, "त्यांना सांग, पुन्हा या."

ते पुन्हा आले नाहीत. आई दर रविवारी साडी नेसून बसायची. बर्फ पडायला लागला तसे बाबा रविवारी आधी पायरी फावड्याने साफ करायचे, मीठ टाकायचे, म्हातारी माणसं घसरायला नकोत. नाताळ गेला. बाबा म्हणाले, फोन करू. आई म्हणाली, "वाईटच ऐकायचं असलं तर आपण होऊन कशाला विचारायचं?" आम्हा सगळ्यांना वाटत होतं ते एकच, की आजी गेल्या. ते कुणी बोलून दाखवलं नाही. आजोबा एकटे त्या खोलीत काय करत असतील, याचंच आईला लागून राहिलं होतं. शेवटी मी फोन केला तर तो नंबर बंद झालेला. मग एका दुपारी कॉलेजमधून बसने आश्रमात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी म्हटलं, "नाही. आम्ही त्यांचं घर घेतलंय." त्या म्हणाल्या, "मग मला काही सांगता येणार नाही." त्यांचंही बरोबर होतं. मी 'हो' म्हणायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही.

मार्चमध्ये एकदा ओला, जड बर्फ पडला. मी आमच्या आणि शेजारच्या बाईंच्या पायरीवरचा बर्फ काढत होतो. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हात पोटाशी बांधून.

"तुझी आई रविवारी अजून नटून बसते," त्या म्हणाल्या. "खिडकीतून दिसते. कशाला?"

मी सांगितलं, आम्ही त्यांची वाट बघतो. आजी गेल्या असतील तर निदान आजोबांनी यावं.

त्यांनी बांधलेले हात सोडले. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

मग त्यांनी सांगितलं, डच लोक सांगतात तसं, काही न झाकता. नाताळानंतर लगेच, आश्रमाच्या पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ झाडताना आजोबाच गेले होते. हृदय बंद पडलं. चर्चमध्ये सगळ्यांना कळवलं होतं. आमचं तिथे नाव नव्हतं. त्यांची मुलगी विनिपेगहून आली आणि सगळं उरकून आजींना आपल्याबरोबर घेऊन गेली.

"आणि आजी?" मी विचारलं. "त्यांना कळलं?"

"पुढच्याच बाकावर बसली होती. चांगला काळा कोट घालून. मी मागे होते तिच्या, म्हणून ऐकलं. सगळं झाल्यावर तिने मुलीला विचारलं, या गृहस्थांच्या मागे बायको आहे का? मुलगी म्हणाली, हो, आहे. तर ती म्हणाली, मग तिला एकटीला घरी जाऊ देऊ नका."